वाट वाकडी करून आलेला गंगाराम

मंडळी, आज सकाळी मालवणचा माझा बालमित्र गंगाराम दारात उभा राहिला. मी कोल्हापुरात नोकरीला आल्यापासून आमची गाठ नव्हती. त्याला मुंबईत आगबोटीवर खलाशाची नोकरी लागलीय. मालवणहून सरळ बोटीनं जायचं सोडून हा बैलगाडीनं घाट चढून आला.

त्याला घेऊन दिवसभर हिंडलो. अंबाबाईचं दर्शन घेतलं, महाराजांचे हत्ती पाहिले. खानावळीतल्या मटणाच्या रश्श्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चपला घ्यायला गेलो.

"पावणं, पाय लई पसरट हाईत की तुमचं," कारागीर म्हणाला.

"वाळूत वाढलेले आसत," गंगाराम हसला.

संध्याकाळी रंकाळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. वाऱ्यानं बारीक लाटा येत होत्या. त्यानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. "गोडां आसा रे," म्हणाला. लहानपणी दोघं मिळून जाळी ओढायचो, ते आठवलं.

सरळ बोटीनं का गेला नाहीस, असं मी शेवटी विचारलं.

"आगबोट माका परत आणतली की नाय, कोणाक ठावक? म्हटलां, तुका बघून जावया."

मघाशी त्याची आगगाडी सुटली. घरी येऊन हे लिहायला बसलोय. तुमच्यासाठी कुणी अशी वाट वाकडी केलीय का?