बागेतला धवला

माझ्या सासूबाई धवलारीण आहेत. पनवेलकडच्या आगरी लग्नांत विधी सुरू असताना जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. पुण्याहून सून म्हणून आले तेव्हा मला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

गेल्या वर्षी आमच्या जवळच्या मोठ्या उद्यानात, खुल्या रंगमंचावर, लोकगीतांचा कार्यक्रम ठरला. मी तिथे रोज चालायला जाते, आयोजक ओळखीचे. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव मीच दिलं. त्यांना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या.

“लगीन नाय, नवरी नाय. धवला कोनासाठी म्हनू?”

“लोकांना ऐकायचाय, आई.”

“लोकांसाठी नसतो तो, बाय.”

मी कार्यक्रमाची वेळ तेवढी सांगितली. तरी रविवारी संध्याकाळी त्या हिरवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या.

रंगमंचासमोरच्या पायऱ्या भरल्या होत्या. स्केटिंग आटपून आलेली मुलं, भेळ खाणारी कुटुंबं, फिरायला आलेले आजी-आजोबा. आईंनी माइक घेतला आणि सरळ विचारलं, “कोनाचे घरी लगीन हाय?”

लोक हसले. आईंनी शांतपणे पुन्हा विचारलं. तेव्हा वरच्या पायरीवर ट्रॅकसूटमधल्या एका मुलीने हात वर केला. ती नागपूरची, इथे नोकरीला. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. आईंनी तिला वर बोलावून शेजारी बसवलं.

“आई कुठं हाय तुजी?”

“गावी.”

“मंग लाव फोन.”

फोनच्या पडद्यावर तिची आई आली. आईंनी तिला नाव विचारलं, माइक बाजूला ठेवला आणि हळदीचा धवला सुरू केला. नवरीच्या आईचं नाव त्यात गुंफलेलं ऐकताच त्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलगीही रडत होती. सत्तरीतला तो आवाज माइकशिवाय शेवटच्या पायरीपर्यंत पोचत होता.

“कोण हो या?” शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं.

“माझ्या सासूबाई,” मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले असेन, कारण पुढच्या रांगेतले चौघे मागे वळले.

फोन ठेवण्याआधी नवरीच्या आईने हळदीला यायचं आमंत्रण दिलं होतं. घरी येताना आई एवढंच बोलल्या, “पोर गुनाची हाय. हलदीला जावा लागंल.”

महिन्याभराने आम्ही दोघी खरंच नागपूरला गेलो. तिथल्या मांडवात आईंना कुणाला काही विचारावं लागलं नाही. नवरीच्या आईने हाताला धरून त्यांना लेकीजवळ नेऊन बसवलं.