न वाजलेली शेवटची फेरी
बटाटेवडे तळल्याचा वास आला की मला आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा हॉल आठवतो आणि डोकं तापतं. लेकीने एका व्हिडिओ गेममधलं संगीत इलेक्ट्रिक पियानोवर दोघांसाठी बसवलं होतं. वरच्या सुरांची बाजू तिची, खालच्या सुरांची माझी. गेममध्ये एकच धून फिरून फिरून येते, म्हणून तिने दर फेरीत थोडी भर घातली होती आणि शेवटच्या फेरीत स्वतः रचलेली धून गुंफली होती. तीच लोकांना ऐकवायची म्हणून सोसायटीच्या कार्यक्रमात ती माझ्याशेजारी स्टेजवर बसली होती. तिसरी फेरी सुरू होताच सेक्रेटरी माइकवर म्हणाले, “अगं, हे मघाशीच झालं ना? तेच तेच किती? चला, वडे थंड होतायत,” आणि त्यांनी सरळ प्लग काढला. मी उठलो. “अहो, तिचं स्वतःचं आता येणार होतं.” “मग घरी वाजवा की,” ते हसले. संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लेकीने त्यांना वाकून नमस्कार केला. ती धून तिने पुन्हा कुणासमोर वाजवली नाही. सेक्रेटरी आजही लिफ्टमध्ये विचारतात, “काय, पियानो काय म्हणतो?” मी मजल्याचं बटण दाबतो आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो.