खंडेनवमीला उघडलेली पेटी

आभा गायधनीच्या गॅरेजात नियम एकच, पण तो मोडणाऱ्याची ती गय करत नाही. हत्यारांच्या पेटीचा एक खण बंद केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. मग उघडणारा गिऱ्हाईक असो, नगरसेवकाचा मेहुणा असो, नाहीतर डबा घेऊन आलेली तिची सख्खी आई असो. "आई, हात काढ!" असं ती गाडीखालून ओरडते, तेव्हा रस्त्यापलीकडचा चहावाला दचकतो.

पेटीही काही ऐरीगैरी नव्हे. लाल रंगाची, छातीइतकी उंच, नऊ खणांची, खाली चार चाकं. सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या मनोजकाका नावाच्या फिटरची ती पेटी. त्यांनी ती भंगारात घातली नाही, मुलालाही दिली नाही. सात वर्षांपूर्वी आभानं पेठ रोडवर गॅरेज टाकलं, तेव्हा टेम्पोत घालून स्वतः आणून दिली. "पोरी, एका वेळी एकच खण, बरं का," असं त्यांनी बजावलंही होतं. पण आभा तेव्हा चोवीस वर्षांची आणि भलतीच हुशार. पहिल्याच आठवड्यात तिनं कौतुकानं चार खण एकदम ओढले. पेटी पुढे झुकली आणि धाडकन कोसळली. आभाच्या पायाचा अंगठा मोडला, प्लास्टर चढलं, आणि नियम तिथून सुरू झाला.

आता त्या पेटीची ती जी बडदास्त ठेवते, तशी लोक जावयाचीही ठेवत नाहीत. प्रत्येक खणात काळा जाड फोम, आणि त्यात हत्याराच्या आकाराचा खड्डा तिनं स्वतः ब्लेडनं कोरलेला. चौदाचा पाना चौदाच्याच खड्ड्यात बसणार, तेराचा तिथे घातला तर वेडावाकडा दिसणार. संध्याकाळी खण ओढला की एका नजरेत कळतं, कोण घरी आलं आणि कोण बाहेर उंडारतंय. खड्डा रिकामा असेल तर गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जात नाही, मग ते कितीही घाईत असू दे. दर शनिवारी हत्यारं पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, खणांच्या पट्ट्यांना ग्रीस द्यायचं. गंज चढू नये म्हणून प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात कापडात बांधलेला कापूर. पाण्याचा थेंब मात्र पेटीच्या आसपास फिरकू द्यायचा नाही.

हे सगळं पाहायला तिचे वडील मात्र सात वर्षांत एकदाही आले नव्हते.

गंगाधरगुरुजी म्हणजे पंचवटीतलं मोठं प्रस्थ. रामकुंडावर विधी सांगणारं त्यांचं घराणं. यजमान विचारायचे, "मुलगी काय करते, गुरुजी?" ते सांगायचे, "ऑटोमोबाईलमध्ये आहे." खोटं नाही हो, पण खरंही किती सफाईनं झाकता येतं बघा. स्कूटरवरून पेठ रोडनं जाताना ते गॅरेजच्या बाजूला मान वळवत नसत. आभाला ते रस्त्यावरून दिसायचे. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही, पण तिला ते लागायचं, अगदी आतपर्यंत लागायचं.

यंदा खंडेनवमीला सकाळी चहा पिता पिता गुरुजींनी सहज विचारलं, "आज तुझ्याकडे हत्यारांची पूजा असेल. सांगतं कोण?"

"मीच करते. हळदकुंकू, फुलं, नारळ."

"आणि मंत्र?"

"मोबाइलवर लावते की."

गुरुजींनी कप खाली ठेवला. त्यांच्या घरातली मुलगी, आणि पूजा मोबाइल सांगतो! हे म्हणजे हलवायाच्या घरी पेढे विकत आणण्यातला प्रकार झाला. "लतिका, माझी ताम्हनाची पिशवी काढ," ते बायकोला म्हणाले, आणि बाराच्या सुमाराला सोवळं नेसून, उपरणं घेऊन गॅरेजात हजर झाले. आभाला भीतीही वाटली आणि आनंदही मावेना.

पूजा सुरू झाली ती भांडणानंच. गुरुजी म्हणाले, "सगळे खण उघड. प्रत्येक हत्याराला गंध लागलं पाहिजे."

"सगळे एकदम नाही उघडायचे, बाबा. पेटी पडेल."

"म्हणजे?"

"एक उघडायचा, पूजा करायची, बंद करायचा. मग दुसरा."

"म्हणजे नऊ वेळा पूजा सांगू?"

"हो," आभा म्हणाली. तिच्या गॅरेजात तिचाच नियम. गुरुजींनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि पहिला खण ओढला. मग पळीत पाणी घेऊन शिंपडणार, तोच आभानं हात आडवा घातला. "पाणी नको! गंजतील सगळी."

आता बापाचा पारा चढणार असं तिला वाटलं. पण गुरुजी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "जे नसेल त्याच्याऐवजी अक्षता चालतात." त्यांनी पळी खाली ठेवून अक्षता उचलल्या. खणामागून खण उघडत गेला, मिटत गेला. सॉकेटच्या भोकांत तांदूळ पडलेले पाहून आभाच्या जिवाची घालमेल झाली, पण तिनं ओठ घट्ट मिटले. शेवटी गुरुजींनी लाल नाडा पेटीभोवती तीन वेळा गुंडाळून गाठ मारली, वर झेंडूचा हार घातला. "उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय याला हात लावायचा नाही," त्यांनी सांगितलं. मग जायला निघाले नाहीत. आभानं पुढे केलेल्या खुर्चीवर बसले आणि चक्क विचारलं, "तो हिरवा डबा कसला गं?" सात वर्षांतला पहिला प्रश्न! आभा ग्रीसच्या डब्याविषयी इतकं बोलली की ऐकणाऱ्याला वाटावं, मधाचाच डबा आहे.

असा अर्धा तास गेला असेल नसेल, आणि तिघेचौघे जण ढकलत एक पिकअप गॅरेजच्या तोंडाशी आली. मागे हौद्यात झेंडूच्या क्रेट, आणि क्रेटच्या वर ओलं फडकं घेऊन बसलेली एक बाई. ढकलणाऱ्यांतला एक माणूस घामाघूम होऊन पुढे आला. पेठजवळच्या पाड्यावरचा बुधा. वरची बाई त्याची बायको कुसाबाई.

"मेस्तरी हायत का?" त्यानं गुरुजींनाच विचारलं.

"आज बंद आहे," गुरुजी म्हणाले. "पूजा झाली."

"समदीकडं त्येच सांगत्यात, बाबा. तीन गॅरेजं झाली. औजारं पुजली, परवा ये म्हनं. परवा येऊन काय करू? दसरा झाल्यावर झेंडूला कोन इचारतो?" बुधाचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "पिंपळगावच्या येपाऱ्यानं पाचपर्यंत वाट बघतो सांगितलंय. पाचच्या म्होरं तो दुसरीकडनं घेनार."

"दुसरा टेम्पो कर," बाजूचा कुणीतरी म्हणाला.

"करतो की! समदे टेम्पो हार घालून दारात उभे हायत."

आभानं एव्हाना बॉनेट उघडलंही होतं. फॅनबेल्ट तुटून लोंबत होता. अर्ध्या तासाचं काम. नवा बेल्ट भिंतीवरच्या खिळ्याला होता. हवा होता तो चौदाचा पाना, आणि तो लाल नाड्याच्या आत होता.

तिनं घड्याळ पाहिलं. पावणेतीन. वर कुसाबाई फुलांवरचं फडकं पुन्हा भिजवत होती. आभानं मग वडिलांकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर या दोघांचं तीन महिन्यांचं पीक रस्त्यावर सडणार. उघडावी, तर सात वर्षांनी बाप दारात आला, स्वतःच्या हातानं गाठ मारली, आणि ती तासाभरात लेकीनंच तोडली असं होणार. मग उठून जातील. जातील ते जातील, पुन्हा या रस्त्यानंसुद्धा जाणार नाहीत. आभाला रडू आवरेना झालं, आणि तिला त्याचाच भयंकर राग आला.

"बाबा," ती म्हणाली, "मी पेटी उघडणार आहे."

गुरुजींची नजर लाल नाड्याच्या गाठीवर गेली.

"तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे. मलाही वाटतंय. पण गाडी माझ्या दारात आलीये, आणि मला ती दुरुस्त करता येते. येत असताना नाही म्हणणं मला जमणार नाही."

तिनं गाठीला हात घातला.

"थांब!" गुरुजी खुर्चीतून उठले. आभाचा हात गाठीवरच राहिला. गुरुजी जवळ आले, तिचा हात बाजूला केला आणि म्हणाले, "गाठ अशी ओरबाडायची नसते. उत्तरपूजा दसऱ्याला करतात ती सोयीसाठी. कधी करायची ते मी सांगतो की तू?"

गुरुजींनी मूठभर अक्षता घेतल्या, डोळे मिटून मंत्र म्हटले, अक्षता पेटीवर टाकल्या. नाडा नीट सोडून घडी केला. आता देवाला जागेवरून जरासं हलवलं की पूजा विसर्जित. त्यांनी पेटीला दोन्ही हात लावून जोर दिला. पेटी ढिम्म. पुन्हा जोर दिला. उपरणं घसरलं, कपाळावर घाम आला.

"एवढी जड कशी गं ही?"

"ब्रेक लावलाय, बाबा." आभानं पायानं चाकाची खिट्टी उचलली, आणि बाप जोर लावत असल्यामुळे पेटी, हार आणि गुरुजी असे तिघेही थेट बुधाच्या पिकअपपाशी जाऊन थांबले. बुधानं त्यांना खांद्याला धरलं नसतं तर बॉनेटमध्येच गेले असते.

"जरासं हलवायचं होतं ना?" आभा हसत म्हणाली. गाल मात्र तिचे ओले होते.

"झालं ते झालं. उघड आता," गुरुजी म्हणाले. "एकच खण, बरं का."

पुढचं काम आभाच्या हातचा मळ. चौदाचा पाना लावून तिनं अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, जुन्या बेल्टचे तुकडे काढले, नवा बेल्ट पुलीवर चढवला, टॉमीच्या लोखंडी दांड्यानं ताण देऊन बोल्ट आवळला. अंगठ्यानं बेल्ट दाबून पाहिला, बोल्टला पुन्हा एक पीळ दिला. तिच्या हातांकडे गुरुजी टक लावून पाहत होते. कुठे अडखळणं नाही, कुठे शोधाशोध नाही. रेडिएटरमध्ये पाणी ओतून तिनं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, तशी कुसाबाई क्रेटवरून पहिल्यांदा हसली.

आभा मात्र लगेच हटली नाही. पाना पुसला, खड्ड्यात बसवला, टॉमी बसवली, खण मिटला. मग म्हणाली, "जा आता. सव्वातीन झालेत. वाटेत तापमानाचा काटा वर गेला तर थांब, तसाच हाणू नकोस."

बुधा पैसे देऊन घुटमळला. गुरुजींसमोर हात जोडून म्हणाला, "बाबा, आमच्यापायी तुमची पूजा मोडली ना? देवाला राग नाय ना यायचा?"

"आला तर माझ्याकडे पाठव. मी गुरुजी आहे हिचा," गंगाधरगुरुजी म्हणाले, आणि लगेच सुधारलं, "बाप आहे."

पिकअप धूर सोडत गेली. गॅरेजात दोघंच उरली. आभानं चहा मागवला. गुरुजींनी ताम्हन, पळी, नाडा सगळं पिशवीत भरलं, पिशवी खांद्याला लावली, आणि ते दाराशी थांबले. आभाला वाटलं, आले तसे गेले, पुढचं कुणी पाहिलंय.

"ऐक," ते न वळता म्हणाले, "बाराचा मुहूर्त चुकीचा निवडला मी. पुढच्या वर्षी सकाळी सातला येतो. दहापर्यंत उत्तरपूजाही उरकून टाकू. म्हणजे दुपारी कुणी अडलेलं आलं तर तुझी पेटी मोकळी असेल."