मागची डावी सीट

भोईर माझ्या दुकानासमोर बस अशी आडवी लावायचा की दुसरं गिऱ्हाईक आत येऊच शकणार नाही. खाली उतरायचा नाही, नुसता हॉर्न वाजवत बसायचा. हातातलं काम टाकून मी बाहेर गेलो की विचारायचा, "झोपलेलास का?" शीळफाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे, तऱ्हेतऱ्हेचे ड्रायव्हर येतात, पण इतका तिरसट माणूस मी पाहिला नाही. तो मला शेवटपर्यंत आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंग कंपनीच्या कामगार बायकांना तो डोंबिवलीहून घेऊन जायचा. बस जुनी, रस्ता कायम खणलेला, त्यामुळे काही ना काही तडकायचंच. मी ते जोडून दिलं की तो सगळ्यांना खाली उतरवायचा आणि मला म्हणायचा, "तू जोडलास ना? मंग तूच बस." जोडाच्या बरोबर वरच्या सीटवर मला बसवून तो बस मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणायचा. फाट्यावरचे दुकानदार ही माझी वरात बघायला बाहेर यायचे. जोड टिकला तरी कधी बरा शब्द नाही. "उतर," एवढंच.

एका सकाळी त्याची बस रेल्वेच्या पुलाआधी बंद पडली. मागच्या डाव्या चाकावर स्प्रिंगचे पाटे धरून ठेवणारा लोखंडी ब्रॅकेट तडकला होता. टेम्पोत जनरेटर टाकून मी गेलो आणि बसखाली आडवा पडून, अंगावर ठिणग्या घेत ते काम केलं. बायका कडेला उभ्या होत्या. उशीर झाला की गेटवरून परत पाठवत असत, म्हणून त्यांची घाई चालली होती. भोईर मात्र त्यांना चढू देईना. त्यांच्यातल्या शोभाताईंनी त्याला चांगलंच सुनावलं. मीही चिडून म्हणालो की जोड पक्का आहे, बसू दे त्यांना.

"पक्का हाय ना? मंग बस."

मी तणतणत मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसलो. त्यानं बस पुलावर घेतली आणि तिथल्या सगळ्यांत मोठ्या खड्ड्यात घातली. खालून कडाड आवाज झाला, बस डावीकडे कलली आणि कठड्याला घासत थांबली. माझं डोकं खिडकीच्या दांड्यावर आपटलं. खाली उतरून पाहिलं तर माझा जोड जसाच्या तसा होता, त्याला लागून असलेलं गंजकं लोखंड फाटलं होतं. मी रागारागानं त्याला तेच दाखवलं.

त्यानं वाकून पाहिलं. "तुजा जोड जाग्यावर हाय. बस कुठं हाय?"

कपाळावरचं रक्त पुसायला त्यानं साधं फडकंही दिलं नाही. बायकांचा खाडा झाला. त्यांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मी त्यांत माझ्याही घातल्या. कठड्याखाली रूळ होते, ते त्या दिवशी कुणी बोललं नाही.

मागच्या वर्षी तो वारला. मी गेलो नाही.

नवा ड्रायव्हर गोड बोलतो. मला शेठ म्हणतो, येताना चहा आणतो. परवा तीच बस, मागचाच डावा ब्रॅकेट. मी काम संपवलं तेव्हा बायका आत बसलेल्याच होत्या. "झालं ना शेठ? निघतो मग," म्हणत त्यानं गाडी चालू केली. मी मान हलवणार होतो. त्याऐवजी दारातून वर चढलो आणि म्हणालो, "सगळ्यांनी खाली उतरा."

शोभाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "काका, आता तुम्हीपण?"

त्या भल्या बाईशी असं वागताना मला वाईट वाटत होतं, आणि भोईरचा पुन्हा एकदा संताप येत होता. बस रिकामी झाल्यावर मी मागच्या डाव्या सीटवर बसलो आणि ड्रायव्हरला खड्ड्यांतून घ्यायला सांगितलं. खाली रस्त्यावर बायका माझ्या नावानं बोटं मोडत होत्या.