कुलूप ओढून पाहायचं राहिलं

माझ्यावर सर्वात जास्त उपकार आहेत ते आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचे. रविवारी ते माझ्यासाठी संगणकाची खोली उघडायचे आणि माझं होईपर्यंत पायरीवर पेपर वाचत बसायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो तो त्या खोलीमुळे. निघताना मामा कुलूप लावून तीनदा ओढून पाहायचे. "लावलंत की मामा," मी हसायचो. "लावलंय. बसलंय का ते बघतो," ते म्हणायचे.

आता मी चाकणच्या एका कारखान्यात संगणक विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग खोक्यांत भरून जातात आणि प्रत्येक खोक्यावर वेगळ्या क्रमांकाचं लेबल लागतं. ती लेबलं देणारा सर्व्हर म्हणजे वेगळं यंत्र नव्हे. एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारा, नुसता सॉफ्टवेअरचा संगणक. कंपनीने जुनी प्रणाली सोडायची ठरवली, तेव्हा तो उचलून नव्या यंत्रावर, नव्या प्रणालीत न्यायचं काम माझ्याकडे आलं. "हे नीट करा, मग कायम करायचं पत्र काढू," साहेब म्हणाले.

दिवस ठरला गुरुवार, आमच्या सुट्टीचा. आदल्या संध्याकाळी माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच विभागाचे सुपरवायझर भेटले. जवळच्याच गावचे, वयाने मोठे. "राव, शुक्रवारी सातला गाडी लागती. लेबल न्हाई निघालं तर तुमालाच खोक्यात भरून पाठवतो."

गुरुवारी सकाळीच रावेतच्या माझ्या खोलीवरून निघालो. सर्व्हरची डिस्क नव्या प्रणालीला चालेल अशा रूपात बदलायला घेतली. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी चाळीस टक्क्यांवर अडली. मी उठलो, पाणी प्यायलो, बसलो, पुन्हा उठलो. रिकाम्या शेडमध्ये माझ्याच बुटांचा आवाज नकोसा झाला. दुपारी पट्टी एकदाची पुरी झाली आणि नवा सर्व्हर उठला, पण त्याला बाकीच्या संगणकांशी जोडणारं नेटवर्क कार्डच ओळखता येईना. तेही जुळवलं. जुना बंद केला, एक लेबल छापून पाहिलं आणि साहेबांना कळवलं, "झालं." गेटवर इलेक्ट्रिशियन भेटला. "चारला मेन बंद करतोय भाऊ, पॅनल साफ करायचाय." मी मान डोलावली आणि गाडीला किक मारली.

शुक्रवारी, तिथे माझं काही काम नसताना, सातला डिस्पॅचला जाऊन उभा राहिलो. बघता बघता अर्धा ट्रक भरला. सुपरवायझर खुशीत होते. मी उगाच खोक्यांवरचे क्रमांक वाचत होतो, आणि एकच क्रमांक दोन खोक्यांवर दिसला. मग दुसरा एक, तोही दोन खोक्यांवर.

लगेच उमगलं. वीज परत आल्यावर जुनं यंत्र सुरू झालं आणि त्याने पोटातला जुना सर्व्हरही आपोआप उठवला. तो आपोआप उठायची सोय मी काढायला विसरलो होतो. आता एकाच पत्त्यावर दोन सर्व्हर होते. लेबल कधी हा देई, कधी तो, आणि दोघांची मोजणी एकाच आकड्यापासून पुढे सरकत होती.

कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ट्रक तसाच गेला असता, तर माल घेणाऱ्या कंपनीने तो सगळा परत पाठवला असता, आणि बोल डिस्पॅचच्या माणसांना लागला असता. पत्राचा विचार मनात आला, नाही असं नाही.

"भाऊ, ट्रक उतरवा," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

त्यांनी दोन्ही खोक्यांवरचे क्रमांक स्वतः वाचून पाहिले. "तुमाला खोक्यात घालायचं म्हणलो व्हतो, त्ये काय खोटं न्हाई," म्हणाले आणि पोरांना हाक मारली. मी जुना सर्व्हर कायमचा बंद केला आणि खोकी उतरवायला हात लावला. नवी लेबलं लावून ट्रक दोन तास उशिरा निघाला. साहेब एवढंच म्हणाले, "पत्राचं नंतर बघू."

रविवारी मामांना पत्र लिहिलं. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही.

"ती. मामांस सा. न.

इकडे मी एका खोलीतलं सामान दुसरीत हलवलं आणि जुन्या खोलीचं कुलूप ओढून पाहिलं नाही. त्यापायी चार माणसांना अर्धा भरलेला ट्रक उतरवावा लागला. मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तुम्ही पायरीवर बसलेले दिसलात. नोकरी अजून कायम झालेली नाही. काल यंत्राची वीज मुद्दाम घालवून परत आणली. तीनदा. जुना उठला नाही. मग घरी आलो.

आपला, रविवारचा मुलगा."