झग्यावरची कात्री

लेकाकडे परदेशात, हेन्डरसनला आल्यापासून ह्यांना परोपकाराचा झटका आला होता. दर गुरुवारी लायब्ररीत निवृत्त मंडळी जमायची. तिथे एक म्हातारा सुतार हटराइट नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या आपल्या पूर्वजांच्या गोष्टी सांगायचा. त्यातल्या एकाने ह्यांना पार झपाटलं. काही शतकांपूर्वीचा शिंपी, आणि तोच धर्मोपदेशक. दिवसा कपडे बेतायचा, संध्याकाळी प्रवचन करायचा, त्यापायी तुरुंगातही गेला. या पंथात कुणाचं काही स्वतःचं नसतं. ते लोक गाव सोडून निघाले तेव्हा वाटेत जमिनीवर झगा पसरला आणि प्रत्येकाने जवळचं सगळं त्यावर ठेवलं. शिंप्याने आपली कात्री ठेवली.

घरी चहाचा कपही न विसळणारा माणूस मला हे रोज ऐकवायचा. मला त्या शिंप्याचा रागच यायला लागला. बायकोला विचारलं होतं का त्याने?

एका गुरुवारी सुताराने सगळ्यांना आपापल्या कामातली एकेक वस्तू आणायला सांगितली. जमेल ते गरजूंना जाणार होतं. मीही गेले. 'किया ओरा' म्हणत इथला रामराम वगैरे झाला, मधोमध घोंगडी पसरली, सुताराने आपला रंधा ठेवला. मग हे उठले आणि पिशवीतून माझी कात्री काढून ठेवली.

पुण्यात तीस वर्षं मी त्या कात्रीने ब्लाऊज बेतले. इथेही सँडरिंगहॅमहून बायका गाडी काढून माझ्याकडे येतात. कागद कापायला ती मी लेकालाही कधी दिली नाही. हे जन्मभर ऑफिसात बसले. स्वतःचं ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून माझं ठेवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुताराला विचारलं, त्या शिंप्याच्या बायकोने काय ठेवलं होतं? तो म्हणाला, तिच्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

मी वाकून कात्री उचलली. मग ह्यांच्या स्वेटरच्या खिशात हात घातला. पुण्याच्या फ्लॅटची किल्ली तिथे असते. फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि किल्ली हे दिवसातून दहादा चाचपतात. ती मी घोंगडीवर ठेवली.

"हे तुमचं," मी म्हणाले.

गुडघे धरलेत म्हणून माझ्याकडून मोजे घालून घेणारे हे, कुणाला काही कळायच्या आत खाली बसले आणि किल्ली उचलून खिशात टाकली. तेव्हा मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.