बिनकुलपाची बोअर

विहाराच्या अंगणातल्या बोअरला गंगारामने कधी कुलूप लावलं नाही. तापीकाठच्या शहराबाहेर, सचिनच्या कारखानावस्तीत, कापड रंगवायच्या डाईंगमध्ये वाफेत उभं राहून त्याचं आयुष्य गेलं. हाताशी राहिलं काय, तर डिंडोलीतलं लहानसं घर, शिकलेली मुलगी आणि वस्तीने मिळून खोदलेली ही बोअर. पाणी लागलं तेही गोड. त्याची बायको सोनाबाई पाहुण्यांना आवर्जून सांगायची की या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते.

गावी, अमळनेरकडे, त्याच्या आईला विहिरीला शिवायची मुभा नव्हती; ती ओट्याच्या पायथ्याशी घागर धरून बसायची. वरच्या जातीतल्या कुणाच्या मनात आलं तर तो उंचावरून धार सोडायचा. गंगारामने ते लहानपणी पाहिलं होतं. म्हणूनच घरोघरी नळ आले तरी पहाटे मोटर लावायचं काम त्याने सोडलं नाही. मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांतून नव्याने आलेली माणसं राहत, त्यांना नळ नव्हते. जालन्याकडची म्हातारी धुरपदाबाई हंडा खाली आदळून हाक मारायची, "गंगारामभाऊ, उघडा तुमची तापी."

मुलगी प्रज्ञा लग्न होऊन अडाजणला गेली होती आणि एका सल्लागार कंपनीत नोकरी करत होती. वस्तीच्या मागे रंगाचा एक कारखाना कधीचा बंद पडला होता. त्याच्या आवारात ओतलेला गाळ जमिनीत मुरत होता. ते विष खालच्या पाण्यातून कुठवर पोचेल, याचं मॉडेल करायचं काम तिच्याकडे आलं. एका रविवारी जेवताना तिने समजावून सांगितलं: मातीचे थर कसे आहेत, वाळू कुठे आहे, पाण्याचा उतार कुणीकडे आहे, आसपास पाणी कोण उपसतं, हे कॉम्प्युटरला सांगायचं, मग तो पुढच्या वर्षांचं चित्र काढून देतो. बोलता बोलता तिने विचारलं, "पप्पा, विहारातली बोअर अजून चालते का?"

प्रश्न लेकीचा होता, पण गंगारामला तो साहेबाचा वाटला. हो म्हटलं तर नोंद होणार, मग कुणीतरी येऊन बोअरला सील ठोकणार.

"नळ आल्यापासून बंदच आहे," तो म्हणाला.

सोनाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

मॉडेल तयार झालं तेव्हा प्रज्ञाने मुद्दाम लॅपटॉप आणून दाखवलं. विष दाखवणारा लाल डाग वस्तीला पाठ करून खाडीकडे सरकत होता. गंगारामने ते चित्र शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. त्याच चित्राच्या भरवशावर विष अडवायची जमिनीखालची भिंत खाडीच्या बाजूला घालायचं ठरलं. वस्तीची बाजू मोकळी राहिली.

पुढे सोनाबाईच्या माठाला आतून पिवळसर कड धरायला लागली. पाइप जुना झाला असेल म्हणून गंगारामने नवा बसवला. मग धुरपदाबाईच्या नातीच्या हातापायांवर पुरळ उठलं आणि काही केल्या जाईना. त्या रविवारी प्रज्ञा चहा पीत असताना सोनाबाईने तिच्यापुढे भरलेली बाटली ठेवली.

"तपासून घे. बोअरचं पाणी आहे, आज सकाळचं."

प्रज्ञाने बापाकडे पाहिलं. बापाने कपाकडे पाहिलं.

पाण्यात रंगाच्या गाळातलं विषारी क्रोमियम निघालं. प्रज्ञाने रागावून एक शब्दही काढला नाही. मोटर रोज किती वेळ चालते तेवढं विचारलं आणि बोअर धरून मॉडेल पुन्हा चालवलं. या खेपेला लाल डागाला हात फुटला होता आणि तो विहारापर्यंत पोचला होता.

"पाणी उताराकडेच जातं, पप्पा. पण मोटर ओढायला लागली की बोअरच उतार होते."

"म्हणजे मीच ओढून आणलं?"

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "चूक माझीही आहे. मी अंगणात जाऊन बघायला हवं होतं. पण बापाचा शब्द कोण तपासतं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं गंगारामला झालं.

कुलूप त्याने स्वतः आणलं आणि स्वतःच लावलं. सकाळी धुरपदाबाई हंडा घेऊन आली, कुलूप बघून थबकली आणि हसली. "काय भाऊ, आमच्या हंड्याचा विटाळ व्हायला लागला की काय?"

तिने थट्टाच केली होती. गंगारामने मात्र तिला सगळं सांगितलं. पाण्यात काय आहे, ते कसं आलं, मुलीला आपण काय सांगितलं होतं. धुरपदाबाईचं हसू विरलं.

"आणि माझी नात?" तिने विचारलं.

प्रज्ञा स्वतः तिला डॉक्टरकडे नेणार आहे, असं तो म्हणाला. मग तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. नळाला पाणी आलं होतं. त्याने पाइप जोडून ओट्यावरून खाली सोडला. धुरपदाबाई पायरीशी हंडा धरून वाकली. वरून धार पडत होती. म्हातारी मान वर न करता हंडा भरायची वाट पाहत होती.

गंगारामला विहिरीखाली घागर धरून बसलेली आई आठवली. तो घाईघाईने ओटा उतरून खाली आला आणि पाइप त्याने तिच्या हातात दिला.